एका टपाल-कारकुनाचें कलादान

धनाच्या तीन गती आमच्या सुभाषितकारांनीं सांगितल्या आहेत : दान, भोग आणि नाश. जो देत नाहीं व भोगीतहि नाहीं, त्याच्या धनास तिसरी गति ठरलेलीच, असा त्यांचा इषारा आहे. हा विचार सोन्यानाण्यास व जमीनजुमल्यास सहज लागू पडतो. परंतु संग्राहक म्हणून जी एक विलक्षण जात मनुष्यांत आढळते, तिच्या बाबतींत थोडा घोटाळा होतो. जुन्या पोथ्या, नाणीं, मूर्ति, चित्रें यांचा जन्मभर संग्रह करणारा गृहस्थ भोगी म्हणावा कीं कृपण म्हणावा, हें पटकन् ठरवितां येत नाहीं. खिशांत असेल तें तो संग्रहावर खर्च करतो, म्हणून कृपण नव्हे. आणि जमविलेल्या वस्तूंपैकीं पुष्कळशा पेटाऱ्यांत बंद असतात, म्हणून भोगीहि नव्हे. त्याच्या मागें संग्रहास कोणती गति मिळाली, यावरूनच त्याची परीक्षा व्हावयाची.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें मोठीं, माणसें बरीच, आणि पिढ्यानपिढ्या सांठत आलेलें सामानहि बरेंच. वडिलांनीं जमविलेलें एकत्र ठेवावें कीं वांटून घ्यावें, हा प्रश्न अशा घरांतून केव्हां ना केव्हां उभा राहतो. आणि तो उभा राहिला म्हणजे वस्तूंपेक्षां माणसांचीं मनेंच अधिक दुभंगतात. हाच प्रश्न अमेरिकेंतील एका निपुत्रिक जोडप्यापुढें निराळ्या रूपानें आला होता. तो त्यांनीं ज्या रीतीनें सोडविला ती रीति आम्हांस मनन करण्याजोगी वाटली, म्हणून त्यांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

संग्रहालयास देणगी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें राजेरजवाडे, नाहीं तर कोट्यधीश उभे राहतात. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील ‘नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट’ ही राष्ट्रीय चित्रशाला अशाच एका कोट्यधीशाच्या औदार्यांतून निर्माण झाली. अँड्र्यू मेलन हे मोठे पेढीवाले व त्या देशाचे एके काळचे अर्थमंत्री. रशियाच्या सरकारनें आपल्या हर्मिटाज संग्रहालयांतील कांहीं चित्रें विकावयास काढलीं, तेव्हां त्यांतील एकवीस निवडक चित्रें मेलन यांनीं विकत घेतलीं; आणि पुढें आपला चित्रसंग्रह व इमारतीचा खर्च राष्ट्रास अर्पण केला. १९३७ सालीं कायद्यानें ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षीं मेलन वारले. आणि १९४१ सालीं चित्रशाला लोकांस खुली झाली. विशेष हें कीं, संस्थेस आपलें नांव देऊं नये, असा त्यांचा आग्रह होता. एकाचें नांव दारावर कोरलें गेलें म्हणजे दुसरे दाते आंत येण्यास कचरतात, हें त्या व्यवहारचतुर गृहस्थानें ओळखलें होतें. त्याच दारानें पुढें जे दाते आंत आले, त्यांत एक टपालखात्यांतील कारकून होता.

हर्बर्ट व्होगेल यांचा जन्म १९२२ सालीं न्यूयॉर्क शहरीं झाला. वडील रशियांतून आलेल्या यहुदी लोकांपैकीं, धंदा शिंप्याचा. हर्बर्ट यांचें शालेय शिक्षणहि पुरें झालें नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांनीं सैन्यांत नोकरी केली, आणि नंतर टपालखात्यांत आलेलीं पत्रें ठिकाणवार लावण्याचें काम पत्करलें. तें पुष्कळसें रात्रपाळीचें. १९७९ सालीं सेवानिवृत्त होईपर्यंत हीच त्यांची चाकरी होती. आणि अखेरच्या दिवसांतहि त्यांचा वार्षिक पगार, कर वजा होण्यापूर्वीं, तेवीस हजार डॉलरांपलीकडे गेला नाहीं. न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरांत हा पगार म्हणजे साध्या कारकुनाचाच.

परंतु या कारकुनास चित्रकलेचें वेड होतें. शाळा सुटली तरी शिकणें सुटलें नव्हतें. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ललितकला-संस्थेंत ते कलेच्या इतिहासाच्या वर्गांस जात. ग्रंथालयांत बसून वाचीत. आणि सीडर टॅव्हर्न नांवाच्या पानगृहांत त्या वेळचे नामांकित चित्रकार जमत, तेथें जाऊन त्यांचे वादविवाद मुकाट्यानें ऐकत. टपालकचेरींतल्या सोबत्यांजवळ मात्र त्यांनीं या नादाची वाच्यता केली नाहीं. आमचें सारें आयुष्य वर्गांत मुलांस शिकविण्यांत गेलें. शाळेनें ज्यास वाऱ्यावर सोडलें त्यासहि विद्या सोडीत नाहीं, असें उदाहरण दिसलें म्हणजे आमच्या पेशाच्या माणसास समाधान वाटतें, आणि शाळेच्या मोठेपणाविषयींचा अभिमान थोडा ओसरतो.

डोरोथीबाई या एल्मायरा गांवच्या. जन्म १९३५ चा. वडिलांचें कागद व लेखनसाहित्याचें दुकान. त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचें उच्च शिक्षण घेतलें व ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयांत ग्रंथपाल म्हणून १९९० सालापर्यंत काम केलें. १९६२ च्या जानेवारींत उभयतांचा विवाह झाला. तोंवर बाईंस चित्रकलेचा फारसा परिचय नव्हता. लग्नानंतर तीं दोघें वॉशिंग्टनला गेलीं, आणि तेथील राष्ट्रीय चित्रशालेंत हर्बर्ट यांनीं पत्नीस चित्र कसें पाहावें याचे पहिले धडे दिले. हें स्थळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तीस वर्षांनीं ही कथा फिरून तेथेंच यावयाची आहे.

प्रारंभीं हें दांपत्य स्वतःहि चित्रें काढीत असे, आणि तीं घरच्या भिंतींवर लावलेलीं असत. पुढें इतरांचीं चित्रें घरीं येऊं लागलीं, आणि दोहोंची तुलना होऊं लागली. तेव्हां आपलीं चित्रें उतरवून त्यांच्या जागीं इतरांचीं लावावीं, हें दोघांस पटलें. कुंचला खालीं ठेवला गेला, आणि दोघांचें सारें लक्ष पाहण्याकडे लागलें. आपल्याहून सरस असलेल्याच्या गुणाचें चीज करणें हीहि एक साधनाच आहे, आणि ती निर्माण करण्याइतकीच दुर्मिळ आहे.

घरखर्चाची व्यवस्था त्यांनीं सोपी ठेविली. डोरोथीबाईंच्या पगारांत घर चालावयाचें, आणि हर्बर्ट यांच्या पगारांत चित्रें घ्यावयाचीं. राहणें मॅनहॅटनमधील एका लहान भाड्याच्या बिऱ्हाडांत. त्यास झोपण्याची खोली एकच. चित्र घेतांना कसोट्या तीन : किंमत आपल्या ऐपतींतली असावी, वस्तु भुयारी आगगाडींतून किंवा टॅक्सींतून घरीं आणतां यावी, आणि ती बिऱ्हाडांत मावावी. चित्रकाराची कीर्ति, वर्तमानपत्रांतील गौरव किंवा पुढें भाव चढण्याची आशा, यांस या यादींत जागा नव्हती. पुष्कळदां दोघें थेट चित्रकाराच्या स्टुडिओंत जात, त्याचें सारें काम बारकाईनें पाहत, आणि एकदम देण्यास पैसे नसले तर हप्त्यांनीं देत. ज्याच्याकडे कोणी फिरकत नाहीं अशा तरुण चित्रकारास त्या हप्त्यांचा आधार केवढा वाटत असेल, हें संसारी वाचकांस सांगावयास नको.

आतां त्यांनीं घेतलें तरी काय, हें सांगितलें पाहिजे. आणि येथेंच आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या भुंवया वर जातील. आदल्या पिढींतील चित्रकारांचे भाव १९६२ सालींच कारकुनाच्या आवांक्याबाहेर गेले होते. म्हणून, आणि मनाचा ओढाहि तिकडेच होता म्हणून, या दोघांनीं अगदीं नवीं, ज्यांस अजून गिऱ्हाईक नव्हतें अशीं कामें घेण्यास आरंभ केला. लग्नानंतरची पहिली खरेदी म्हणजे जॉन चेम्बरलेन या शिल्पकारानें चेपलेल्या धातूच्या पत्र्यापासून केलेली एक लहान कृति. १९६५ सालीं सोल लेविट यांचें काम घरांत आलें. नंतर रॉबर्ट मँगोल्ड, रिचर्ड टटल, लिंडा बेंग्लिस अशीं एकामागून एक नांवें येत गेलीं. या मंडळींपैकीं बहुतेकांच्या कामांत देवादिकांचे प्रसंग नाहींत, निसर्गदेखावे नाहींत, माणसांच्या तसबिरीहि नाहींत. कोठें चौकोनांची एक रांग; कोठें कागदावर एकच रेघ; आणि टटल यांची १९७४ सालची एक कृति तर भिंतीवर खिळ्यांनीं ठोकलेला सुमारें तीन इंचांचा दोरीचा तुकडा, इतकीच आहे.

‘यांत चित्र तें कोठें?’ असा प्रश्न ज्यांस पडेल त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु लेविट यांची पद्धति समजून घेतली तर संस्कृताशीं परिचय असलेल्या वाचकास ती अगदींच परकी वाटणार नाहीं. १९६८ सालापासून त्यांनीं भिंतीवर काढावयाचीं रेखाचित्रें रचिलीं. चित्रकार थोडक्यांत सूचना लिहून देतो : अमुक प्रकारच्या रेघा, अमुक अंतरानें, अमुक दिशेनें. मग दुसरे कुशल हात त्या सूचनेप्रमाणें भिंतीवर रेघा काढतात. प्रदर्शन संपलें कीं भिंत रंगवून टाकतात, आणि पुढें दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या भिंतीवर तेंच चित्र फिरून काढतां येतें. म्हणजे चित्र भिंतींत नाहीं, सूचनेंत आहे. आमच्याकडे सूत्रकार अल्पाक्षरांत सूत्र सांगून गेले आणि वृत्तिकारांनीं व भाष्यकारांनीं त्याचा विस्तार केला. पण शास्त्र सूत्राच्या नांवावरच राहिलें. हें साम्य पूर्ण नसेल. परंतु वस्तूपेक्षां विचारास मूळ मानण्याची प्रवृत्ति दोहींकडे एकच आहे. या कलेंतील सारेंच आम्हांस रुचतें असें नव्हे. दोरीच्या तुकड्यापुढें आम्हीहि फार वेळ उभे राहणार नाहीं. मात्र ज्यांनीं चाळीसहून अधिक वर्षें रोज अशा वस्तूंच्या सहवासांत काढलीं, त्यांच्या डोळ्यांस तेथें कांहींच दिसत नव्हतें, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

बिऱ्हाडाचें हळूहळू भांडार झालें. भिंती भरल्या, मग छताला वस्तु टांगल्या गेल्या, पलंगाखालीं, कपाटांत, स्वयंपाकघरांत, जेथें म्हणून हात जाईल तेथें बांधून ठेवलेलीं चित्रें. त्यांतच मांजरें, मासे आणि कासवें यांचा परिवार. मांजरांवरून एक गोष्ट आठवली. क्रिस्तो व जान-क्लोद हें कलावंत जोडपें त्या काळीं कोलोरॅडो राज्यांतील एका खिंडींत प्रचंड पडदा टांगण्याच्या उद्योगांत होतें. त्यांच्या कामाची किंमत व्होगेल यांच्या आवांक्याबाहेरची. तेव्हां ठरलें असें कीं, कलावंत जोडपें कोलोरॅडोस गेलें असतां त्यांच्या ग्लॅडिस नांवाच्या मांजरीची निगा व्होगेल यांनीं राखावी, आणि त्याबद्दल त्या पडद्याच्या योजनेचें एक चित्र घ्यावें. मांजर सांभाळून मिळविलेलें चित्र पुढें राष्ट्रीय संग्रहांत जावें, असा योग क्वचितच येतो.

या सर्व हकीकतींत आम्हांस अत्यंत मोलाची वाटली ती गोष्ट निराळीच आहे. ज्या चित्रकारांस १९६५ सालीं कोणी विचारीत नव्हतें, त्यांतील पुष्कळ पुढें जगप्रसिद्ध झाले व त्यांच्या कामांस मोठाले भाव येऊं लागले. पलंगाखालच्या दोनचार वस्तु बाजारांत नेल्या असत्या तरी त्या कारकुनाचें दारिद्र्य कायमचें फिटलें असतें. मोठें घर, मोटार, नोकरचाकर सारें झालें असतें. व्होगेल यांनीं एकहि वस्तु विकली नाहीं. दारिद्र्यांत निर्लोभ राहणें पुष्कळांस साधतें, कारण तेथें लोभास विषयच नसतो. उशाशीं संपत्ति असतां आणि ती आपलीच असतां तिच्याकडे संपत्ति म्हणून न पाहणें, हें कठीण. तें या दोघांस साधलें.

वय होत चाललें तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. मूल नाहीं, बिऱ्हाड भाड्याचें. आपल्यामागें याचें काय? मोठमोठीं संग्रहालयें हा संग्रह मिळावा म्हणून उत्सुक होतीं. व्होगेल यांनीं देणगी देतांना पात्राची परीक्षा केली, आणि ती कशी केली तें पाहण्यासारखें आहे. राष्ट्रीय चित्रशालेंत कोणासहि प्रवेशमूल्य द्यावें लागत नाहीं, हा पहिला विचार. ती संस्था दिलेल्या वस्तु विकीत नाहीं, हा दुसरा. अमेरिकेंतील पुष्कळ संग्रहालयें पैशाच्या गरजेनुसार जुन्या वस्तु विकून टाकतात. ज्यानें आयुष्यांत एक चित्र विकलें नाहीं, त्याच्या पश्चात् तें दुसऱ्यानें विकावें, हें त्यांस कसें रुचावें? तिसरा विचार असा कीं, दोघांचाहि चरितार्थ लोकांच्या पैशावर, सार्वजनिक नोकरींत झाला होता. तेव्हां घेतलेलें लोकांसच परत जावें. आणि लग्नानंतर पहिला पाठ झाला होता तोहि तेथेंच. देश, काल आणि पात्र पाहून दिलेलें दान सात्त्विक, असें आमच्याकडे म्हणतात; त्या कारकुनानें आमचें शास्त्र वाचलें नव्हतें, पण त्याचें आचरण मात्र केलें.

१९९२ सालीं ही गोष्ट जाहीर झाली. कांहीं भाग देणगीच्या व कांहीं खरेदीच्या रूपानें संग्रह चित्रशालेकडे सोंपविण्याचें ठरलें. तो वॉशिंग्टनला नेतांना पांच मोठ्या मालमोटारी भरल्या. त्या चिमुकल्या बिऱ्हाडांत एवढें मावलें कसें, याचें नेणाऱ्यांसहि नवल वाटलें. उतारवयांत या दोघांस अडचण पडूं नये म्हणून चित्रशालेनें त्यांस माफक वर्षासन बांधून दिलें. परिणाम काय झाला? वर्षासनाचे पैसे हातीं येतांच दोघांनीं पुन्हां चित्रें घेण्यास सुरुवात केली! रिकामें झालेलें घर फिरून भरलें, आणि सर्व मिळून संख्या चार हजारांच्या पलीकडे गेली.

आतां वांटणीचा प्रश्न येतो, आणि हाच आमच्या लेखाचा गाभा आहे. संग्रह अविभक्त राहावा, अशी व्होगेल यांची मूळची इच्छा होती. तशी ती कोणाहि संग्राहकाची असते. सुट्या वस्तु कोठेंहि मिळतील. परंतु त्या एकत्र येण्यांत एका दृष्टीचा, एका आयुष्याचा जो धागा असतो तो तुटला म्हणजे संग्रह मरतो, असें त्यास वाटतें. आमच्या धर्मशास्त्रांतहि दायविभागाच्या वेळीं कांहीं वस्तु अविभाज्य मानल्या आहेत. विहीर वांटतां येत नाहीं. भावांनीं पाळीपाळीनें तिचें पाणी भरावें, असें सांगितलें आहे. प्रवेशमूल्य नसलेली चित्रशाला म्हणजे तशी एक विहीरच. पण चार हजार वस्तूंचें पाणी एका विहिरींत किती दिवस ठेवणार? एका संस्थेनें एवढें सारें सांभाळावें आणि लोकांस दाखवावें, हें होण्याजोगें नव्हतें. या संग्रहांत कागदावरील रेखाटनांचा भरणा मोठा; आणि कागद उजेडांत फार दिवस ठेवला तर विटतो, म्हणून तीं थोडे दिवस दाखवून पुन्हां अंधाऱ्या कपाटांत ठेवावीं लागतात. म्हणजे बिऱ्हाडांतील पलंगाखालून निघालेलें चित्र राजधानींतील तळघरांत जावें, इतकाच फरक व्हावयाचा. दान झालें, पण भोग कोणासच नाहीं, अशी ती अवस्था झाली असती.

म्हणून २००८ सालीं, राष्ट्रीय चित्रशालेच्या विचारानें, आणि ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर दि आर्ट्स’ व ‘इन्स्टिट्यूट ऑफ म्यूझियम अँड लायब्ररी सर्व्हिसेस’ या दोन सरकारी संस्थांच्या साहाय्यानें, एक योजना जाहीर झाली. अमेरिकेंत राज्यें पन्नास. प्रत्येक राज्यांतील एका संग्रहालयास व्होगेल-संग्रहांतील पन्नास कृति द्यावयाच्या. एकूण अडीच हजार. हजारावर कृति वॉशिंग्टनच्या चित्रशालेंत राहिल्या. वांटणी करतांना दक्षता अशी घेतली कीं, एकाच चित्रकाराचीं सारीं कामें एका ठिकाणीं जाऊं नयेत. प्रत्येक वांट्यांत अनेक कलावंतांच्या कृति असाव्यात, म्हणजे प्रत्येक वांटा त्या मूळ बिऱ्हाडाची लहानशी प्रतिकृति होईल. पॅसिफिक महासागरांतील होनोलूलू, उत्तरेकडील सपाट मुलखांतील फार्गो, मोंटाना राज्यांतील बिलिंग्ज, दक्षिणेंतील बर्मिंगहॅम अशा गांवांस पन्नास-पन्नास कृति पोहोंचल्या. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत काय चाललें आहे हें पाहण्यास ज्यांस कधीं जातां आलें नसतें, त्या गांवच्या मुलांपुढें तें चालत आलें.

ही वांटणी सर्वांस रुचली असें नाहीं. आपलें काम ज्यांनीं त्या घरीं एका विश्वासानें दिलें होतें, त्या कलावंतांपैकींहि कांहींस संग्रह फुटला याचें वाईट वाटलें. त्यांचें म्हणणें अगदीं निराधार नव्हे. एका चित्रकाराचीं शेंकडों रेखाटनें एकत्र असलीं तर त्याच्या बुद्धीची वाट पाऊल-पाऊल पाहतां येते. पन्नास ठिकाणीं विखुरलीं म्हणजे तो मार्ग अभ्यासकास गांवोगांव हिंडून जुळवावा लागतो. शिवाय पन्नास हातीं वस्तु गेली म्हणजे पन्नास नशिबांशीं ती बांधली जाते. नेवाडा राज्याचा वांटा लास व्हेगास येथील कलासंग्रहालयास मिळाला होता. तें संग्रहालय २००९ सालीं बंदच पडलें, आणि त्याचा संग्रह तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे गेला. दात्यानें पात्र पाहून दिलें तरी पात्रहि मर्त्यच असतें, याची ही आठवण आहे.

तरीहि आम्हांस वाटतें कीं, व्होगेल यांचा निर्णय योग्य होता. घरांतील वांटणीनें वस्तु उणावते, कारण प्रत्येक भाऊ आपला वांटा आपल्या कुलपाखालीं नेतो; पूर्वीं जें दहा जणांस दिसत असे तें आतां दोघांस दिसतें. येथें उलट झालें. पूर्वीं जें दोघांस, आणि घरीं येणाऱ्या मोजक्या स्नेह्यांस दिसत असे, तें वांटणीनें पन्नास राज्यांतील लोकांस दिसूं लागलें. वांटणी चांगली कीं वाईट हें वांट्यांच्या संख्येवरून ठरत नाहीं. वांटणीनंतर दारें किती उघडलीं व किती बंद झालीं, यावरून ठरतें. अविभक्तपणा हा स्वतः गुण नव्हे. एकत्र ठेवलेल्या पोथ्यांस कसर लागते आणि वांटलेल्या पोथ्या वाचल्या जातात, असेंहि घडतें. आणि वांटलेलें पान अन् पान वाण्याच्या पुड्यांत जातें, असेंहि घडतें. प्रश्न नेहमीं एकच : पुढच्या माणसाच्या डोळ्यांपुढें ती वस्तु येईल काय?

२०१२ सालीं, नव्वदीच्या उंबरठ्यावर, हर्बर्ट व्होगेल निवर्तले. त्यानंतर डोरोथीबाईंनीं चित्रें घेणें थांबविलें. हें काम आम्हीं दोघांनीं मिळून केलें, एकटीनें तें पुढें नेलें तर त्याचें रूप बदलेल, असा त्यांचा भाव होता. उरलेल्या कृति योग्य ठिकाणीं पोहोंचविणें एवढेंच त्यांनीं आपलें काम मानलें. केव्हां थांबावें हें ज्यास कळतें, त्यालाच संग्राहक म्हणावें. बाकीचे नुसते सांठविणारे.

या दांपत्याचें अनुकरण करून सर्वांनीं चित्रें विकत घ्यावींत, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याचा त्याचा ओढा निराळा. परंतु दोन गोष्टी कोणत्याहि गृहस्थास त्यांच्यापासून घेतां येतील. पहिली ही कीं, उत्तम वस्तूचा सहवास हा केवळ श्रीमंतांचा हक्क नव्हे. नियमित पगार, ठरलेली मर्यादा आणि पाहण्याची संवय, एवढ्या भांडवलावर तो सामान्य कारकुनासहि मिळतो. दुसरी अधिक महत्त्वाची. आपल्या संग्रहाची व्यवस्था त्यांनीं हातपाय चालत असतां, स्वतःच्या हातांनीं, एकेका वस्तूची नोंद करून लावली; वारसांच्या भांडणावर किंवा लिलाववाल्याच्या हातोड्यावर सोडली नाहीं. आमच्या घरांतून पणजोबांची पोथी, आजोबांचीं रोजनिशीचीं पुस्तकें, जुन्या तसबिरी कोठें तरी माळ्यावर असतातच. त्या कोणाच्या, कोठून आल्या, आणि पुढें कोणाकडे जाव्यात, हें जाणणारें माणूस घरांत एखादेंच असतें, व तें बहुधा वृद्ध असतें. त्याला विचारून, वस्तूस चिठ्ठी बांधून, घराच्या संमतीनें तिचें पात्र ठरवून ठेवणें, हें एका सुटीच्या दिवसाचें काम आहे. चार भाऊ एकत्र जमतील असा सण आतां लवकरच येईल. त्या दिवशीं जेवणें आटोपल्यावर माळ्याची शिडी लावावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.